बटणताईंची दारातली परीक्षा

सिनेमाच्या शाळेत दिग्दर्शक व्हायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात एकच धडा गिरवावा लागे. एक खोली, एक दार, एक माणूस. माणूस दारातून आत येतो, काहीतरी शोधतो आणि निघून जातो. बोलायचं नाही, मागे संगीत वाजवायचं नाही, तीन मिनिटांत आटपायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो ना? करून बघा म्हणजे कळेल. भल्याभल्यांची त्या दारात दांडी गुल झालेली आहे.

आणि एकोणीस वर्षं त्या दारातून आत येणारा माणूस एकच होता. माणूस कसला, बाई. कपडेपट सांभाळणाऱ्या बटणताई.

त्याचं झालं असं. बटणताई नव्यानं नोकरीला लागल्या त्या वर्षी ठरवलेला नट आलाच नाही. दिग्दर्शन शिकवणारे सर खोलीच्या मधोमध उभे राहून कातावले होते. मुलं त्यांना पाठीमागे पुन्हासर म्हणत, कारण कुणी काहीही करून दाखवलं तरी त्यांच्या तोंडून पहिला शब्द तोच पडे. तेवढ्यात हातावर चार कोट टाकून बटणताई व्हरांड्यातून चालल्या होत्या. सर म्हणाले, "अहो बाई, जरा या दारातून आत या बघू." बटणताई आल्या. "पुन्हा," सर म्हणाले. बटणताई पुन्हा आल्या. त्या दिवशी त्या एकूण एक्केचाळीस वेळा आत आल्या आणि संध्याकाळी घरी जाऊन गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसल्या. पुढच्या वर्षी नट शोधायची तसदी कुणी घेतली नाही. कशाला घ्यायची? बाई आहेत की!

त्यांचं खरं राज्य तळमजल्यावर होतं. एका लांबलचक खोलीत लोखंडी दांड्यांवर टांगलेले कोट, पोलिसांच्या वर्द्या, डॉक्टरांचे डगले, वकिलांचे झगे, आणि खाली ओळीनं बूट. मधोमध इस्त्रीचं टेबल. भिंतीला छप्पन्न खणांचं एक कपाट, त्यात नुसती बटणं. कुठल्याही जुन्या कोटाचं बटण तुटू दे, त्याच्याच जातकुळीचं दुसरं त्या दोन मिनिटांत हुडकून काढत. म्हणून बटणताई. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना ह्याच नावानं हाक मारत. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदाखेरीज कुठे उमटलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

वर्षाला बारा मुलं म्हणजे बारा दिग्दर्शक. एकोणीस वर्षांत दोनशेहून जास्त दिग्दर्शकांनी त्यांना त्या दारातून आत बोलावलं. बाईंना काही कळत नाही असं सगळे धरून चालत, त्यामुळे त्यांना सगळं कळत गेलं. कुणी अर्धा तास भाषण द्यायचा: "बटणताई, हे दार म्हणजे माणसाचा भूतकाळ आहे बरं का." बटणताई मान डोलवायच्या आणि मनात म्हणायच्या, बाबा रे, हे दार म्हणजे दार आहे, याची खालची बिजागरी कुरकुरते, तिला तेल घाल आधी. कुणी स्वतःच चालून दाखवायचा आणि मग म्हणायचा, "अगदी असंच, पण तुमच्या पद्धतीनं." कुणी नुसतं "फील करा, ताई, फील करा!" असं ओरडायचा. पुष्कळजण तर कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्याला नाक लावून बसत आणि तिथूनच हुकूम सोडत. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात त्या ह्याच.

दाराच्या पलीकडे काय होतं? दीड हात रुंदीची बोळकांडी. सेटच्या फळ्यांची उघडी, खिळे निघालेली पाठ, एक मिणमिणता दिवा आणि जमिनीवर चिकटपट्टीची फुली. त्या फुलीवर उभं राहून "ॲक्शन" ऐकू यायची वाट बघायची. एकोणीस वर्षांत एकही दिग्दर्शक त्या बोळकांडीत आला नाही. सगळे आतच. बाई आत आल्या की सिनेमा सुरू होतो असं सगळ्यांना वाटे. बाहेर बाई काय करत असतील, कशावरून उठून आल्या असतील, हा प्रश्न कुणाच्या डोक्याला शिवला नाही.

एका वर्षी एक मुलगी रडकुंडीला आली होती. तिसरा दिवस, पुन्हासरांचं सतरावं "पुन्हा". मधल्या सुट्टीत बटणताई तिच्या कोटाची उसवलेली शिवण घालता घालता म्हणाल्या, "अगं, मी आत आल्या आल्या दिवा लावते ना, तो लावू नको म्हण. आपल्या घरात चष्मा शोधायला दिवा कोण लावतं? हातानं चाचपतात." मुलीनं दिवा लावू दिला नाही. बाई अंधुक उजेडात टेबलावरून हात फिरवत गेल्या, आणि बघणाऱ्या अख्ख्या वर्गानं श्वास रोखून धरला. त्या वर्षीचे सगळ्यांत जास्त मार्क त्या मुलीला. सरांनी विचारलं, "ही कल्पना कुणाची?" मुलगी सरळ. म्हणाली, "बटणताईंची."

सर कपडेपटात आले.

"बाई, पदवी आहे का तुमच्याकडे?"

"नाही हो सर. बारावी झाले आणि लग्न झालं."

"मग घ्या," सर म्हणाले आणि निघून गेले.

सर विसरले. ते रोज दहाजणांना दहा गोष्टी सांगत. पण बटणताई काही विसरल्या नाहीत. प्रवेशाच्या अर्जावर छापलेलं असायचं: कोणत्याही शाखेची पदवी आवश्यक, वयाची अट नाही. ती दुसरी ओळ त्यांनी बोर्डावर जाऊन तीन वेळा वाचली. मग घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

नवरा नळदुरुस्तीची कामं करायचा. आजूबाजूच्या दहा गल्ल्यांतली माणसं त्यांना नळकाका म्हणत. माणूस उंच, बोलायला फटकळ, आणि हातात पाना असल्याशिवाय त्यांना कसलं चैन पडत नसे. ते ऐकून म्हणाले, "साठी बुद्धी नाठी ऐकलं होतं. तुझी पन्नाशी यायच्या आधीच नाठी झाली?"

"मला दिग्दर्शन शिकायचंय."

"अगं, तू मला गेली वीस वर्षं दिग्दर्शनच करतेस! इथे बसू नका, ते तिथे ठेवू नका, आधी हात धुवा. आणखी काय शिकायचं राहिलंय?"

पण दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ते बाहेरून पदवी करायचा अर्ज घेऊन आले. अर्ज पिशवीत वॉशर आणि टेपच्या गुंडाळ्यांबरोबर कोंबलेला, एका कोपऱ्याला ग्रीस लागलेलं. म्हणाले, "वाटेतच होतं ऑफिस." ते ऑफिस गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची जुनी सवय.

पदवीला सात वर्षं लागली. मध्ये एकदा इतिहासात गटांगळी खाल्ली, एकदा ऐन परीक्षेत सासूबाईंचं आजारपण आलं. बटणताई कामाचे कपडे घरी आणून इस्त्री करत आणि नळकाका समोर बसून त्यांना पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवत. ते स्वतः सातवीत शाळा सोडलेले. अर्थशास्त्राच्या प्रकरणात अडखळले की म्हणायचे, "हे वाक्य कुणीतरी उलटं बसवलंय. पाणी चढावर जाईल का असं?" आणि स्वतःच दोनदा वाचून सुलटं करायचे. शेवटच्या वर्षी तर बायको झोपली तरी पुढचं पान वाचत बसायचे, कारण लोकसंख्येचं पुढे काय झालं ते त्यांना कळायला हवं होतं. पदवीचा कागद आला तेव्हा त्यांनी तो आधी उजेडात धरून पाहिला, मग भिंतीवर कुठे खिळा ठोकायचा यावरून बायकोशी कडाडून भांडले.

गंगेत घोडं न्हालं म्हणावं तर खरी गोष्ट इथूनच सुरू होते. बटणताईंनी प्रवेशाचा अर्ज भरून सरांपुढे ठेवला. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे कुणाचं?"

"माझं. तुम्हीच म्हणाला होतात ना, घ्या पदवी म्हणून? घेतली."

सरांना काही केल्या आठवेना. पण त्यांनी अर्ज खाली ठेवला नाही. "बाई," ते जरा चाचरत म्हणाले, "शाळेच्या नोकरीतल्या माणसाला परीक्षेला बसता येत नाही. आधी राजीनामा द्यावा लागेल. आणि जागा बारा. अर्ज पाचशेच्या वर आहेत. तुम्ही माझ्या ओळखीच्या म्हणून मी अर्धा मार्क जास्त देणार नाही."

"द्याल तर मीच नाव काढून घेईन," बटणताई म्हणाल्या.

तसं बोलायला सोपं होतं. मंगळवारी त्या राजीनामा घेऊन ऑफिसात गेल्या, तेव्हा हेडक्लार्कनं शिक्का हातात धरून ठेवला. "ताई, एकदा हा बसला की बसला. परीक्षा गेली तर परत ही नोकरी मिळायची नाही. तुमच्या जागेवर माणूस घ्यायचं ठरलंय." खोटं कशाला बोला, पाय मागे वळायला लागले होते. एकोणीस वर्षांचं बस्तान, छप्पन्न खण, रोज सकाळी कोटांना लावायचा ब्रश, सगळं डोळ्यांपुढून गेलं. त्या म्हणाल्या, "मारा शिक्का. पण जरा लवकर मारा, नाहीतर माझा हात पुढे येऊन तुमचा धरेल." हेडक्लार्कनं मारला.

महिन्याभरात लेखी परीक्षा झाली. तिथे एका मुलानं त्यांनाच पर्यवेक्षक समजून जादा पुरवणी मागितली आणि त्यांनी सवयीनं उठून टेबलावरची पुरवणी त्याला नेऊन दिली. खऱ्या पर्यवेक्षकानं डोळे वटारले. दहा मिनिटांची एक मूक फिल्म दाखवली आणि तिच्यावर लिहायला सांगितलं. बाकीच्यांनी एकाकीपणा, शहर, आधुनिक माणूस असं पानंच्या पानं लिहिलं. बटणताईंनी लिहिलं की पहिल्या प्रसंगात माणसाच्या कोटाचं तिसरं बटण तुटलंय आणि शेवटच्या प्रसंगात ते शिवलेलं आहे, तेही वेगळ्या दोऱ्यानं. म्हणजे मधल्या काळात त्याला कुणीतरी भेटलंय आणि ते आपल्याला मुद्दाम दाखवलेलं नाही. त्यामुळे हा माणूस एकटा नाही. एवढं लिहून खाली रेघ मारली. लेखीतून तिसांची निवड झाली, त्यात अनुक्रमांक सत्तेचाळीस होता. सत्तेचाळीस म्हणजे बटणताई.

आता राहिलं होतं प्रॅक्टिकल. आणि प्रॅक्टिकल काय असणार? तीच खोली, तेच दार. चाळीस मिनिटं, एक कॅमेरा, एक नट. दरवर्षी प्रॅक्टिकललाही दारातून बटणताईच येत. यंदा त्याच उमेदवार, म्हणून शाळेनं बाहेरून एक दणकट नट बोलावला. बुधवारी त्यानं पंधरा उमेदवारांसाठी दारातून ये-जा केली. गुरुवारी सकाळी त्याचा निरोप आला: गुडघे धरलेत, बिछान्यातून उठता येत नाही. पहिल्याच दिवशी गड्यानं हात टेकले!

गुरुवारी पहिला नंबर बटणताईंचा होता. परीक्षक तीन. पुन्हासर, बाहेरून आलेल्या एक नामांकित दिग्दर्शिका, आणि एक संकलक, म्हणजे चित्रपटाच्या तुकड्यांची जोडणी करणारे, फार कमी बोलणारे गृहस्थ. नट नाही म्हटल्यावर खोळंबा झाला. दिग्दर्शिकांना संध्याकाळची गाडी पकडायची होती. शेवटी सर उठले. "मी येतो दारातून. त्यात एवढी काय अक्कल लागते? आजच्या सगळ्या मुलांसाठी मीच येईन. मात्र आज मार्क तुम्ही दोघांनीच द्यायचे. नट मार्क देत नाही."

बटणताईंना घाम फुटला. सरांना सांगायचं? आणि त्यांना ओळखणारा एकुलता एक परीक्षक होता तोही गेला. उरले ते दोघे परके.

घड्याळ सुरू झालं. त्यांनी कॅमेरा कुठे लावायचा ते कॅमेरावाल्या दादांना सांगितलं. ते जमलं. मग सरांना घेऊन बोळकांडीत गेल्या. "सर, तुम्ही इथे बाजूला उभे राहा," म्हणाल्या, आणि जागा दाखवायला स्वतः फुलीवर उभ्या राहिल्या. दारातून आत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ॲक्शन!"

आणि पायांनी घात केला. एकोणीस वर्षांचे पाय ते! "ॲक्शन" कानावर पडलं तसे चालू पडले. बटणताईंनी दार ढकललं, आत आल्या, टेबलावरून हात फिरवला, वरचा खण उघडला. खालचा उघडणार एवढ्यात त्यांचं लक्ष कॅमेरावाल्या दादांकडे गेलं. दादांनी रुमाल तोंडात कोंबला होता. दाराबाहेरून सरांचा आवाज आला, "बाई, मी येऊ का आता?"

दिग्दर्शिका इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. संकलक हसले नाहीत, पण त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते जास्त वाईट. बटणताईंचा चेहरा लालबुंद. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना त्या क्षणी कळलं.

पुढचा शॉट त्यांनी कॅमेऱ्यापाशी उभं राहून, खुर्चीची पाठ घट्ट धरून सुरू केला. सर आत आले. आले म्हणजे काय, तपासणीला आल्यासारखे आले. चष्मा शोधायचा होता. त्यांनी आठ वेळा कपाळाला हात लावला, चारदा भुवया उंचावल्या, प्रत्येक खण असा उघडला, जणू त्यात कॉपी करणारा विद्यार्थी लपलाय. शोधतोय, शोधतोय, असं अंगाचा कण न् कण ओरडून सांगत होता.

"पुन्हा, सर," बटणताई म्हणाल्या.

सरांनी चमकून पाहिलं. त्यांना हा शब्द समोरून कधी ऐकू आला नव्हता.

पुन्हा झालं, मग पुन्हा झालं. "सर, जरा सावकाश. सर, हात कमी. सर, आतून, आतून येऊ द्या." सर आणखी बिघडत चालले. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना, तर त्यांनी ते खिशात घातले आणि खिशातूनच खण उघडायला निघाले. दहा मिनिटं उरली. आणि बटणताईंच्या लक्षात आलं की आपणही तेच करतोय. आपणही उंटावर बसलोय की! दोनशे मुलांना मनातल्या मनात नावं ठेवली आणि वेळ आली तेव्हा त्यांचंच गिरवलं. त्यांना स्वतःचा असा राग आला की त्या ताडकन उठल्या, बोळकांडीत गेल्या आणि दार मागे लावून घेतलं.

सर फुलीवर उभे होते. कॉलर घामानं भिजलेली. मिणमिणत्या दिव्याखाली ते एकदम म्हातारे दिसत होते. हळूच म्हणाले, "बाई, इथे फार एकटं वाटतं हो."

"ठाऊक आहे, सर."

"आत सगळे आपल्यासाठी थांबलेत आणि आपल्याला काही येत नाही असं वाटतं."

"म्हणूनच मी आले ना," बटणताई म्हणाल्या. त्यांनी सरांची कॉलर सारखी केली, कोटावरचा एक धागा काढला. मग अगदी जवळ जाऊन, त्यांच्या कानात बोलल्या. "चष्मा टेबलाच्या वरच्या खणात आहे, शोधायचं काही नाही. पण खिडकीपाशी खुर्ची आहे ना, तिच्यात बाळ झोपलंय. दोन तास रडून आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा. ते जागं झालं, तर गाठ माझ्याशी आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

त्या आत आल्या, कॅमेऱ्यापाशी उभ्या राहिल्या आणि या वेळी "ॲक्शन" कुजबुजत म्हणाल्या.

दार इतकं हळू उघडलं की बिजागरीसुद्धा कुरकुरायची विसरली. सर उंबऱ्यावर थांबले. त्यांनी आपल्या टाचा वाजणाऱ्या बुटांकडे पाहिलं, भिंतीचा आधार घेतला आणि बूट काढले. हे कुणी सांगितलं नव्हतं. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. सर्व शाळेला आपल्या आवाजानं हलवून सोडणारा तो धिप्पाड माणूस मोज्यांवर, तोंडाचा चंबू करून, मांजराच्या पावलांनी टेबलाकडे निघाला. खण ओढला. खण किंचाळला. सर जागच्या जागी गोठले. फक्त डोळे तेवढे खुर्चीकडे वळले. काही नाही. बाळ झोपलेलंच. सरांनी सोडलेला सुस्कारा पाहून दिग्दर्शिकाबाईंनीही सुस्कारा सोडला.

चष्मा मिळाला. काम झालं. सर दारापर्यंत गेले आणि वळले. खुर्चीपाशी येऊन वाकले, दोन बोटांनी, नसलेलं पांघरूण धरून वर ओढलं आणि तसेच उभे राहिले. बटणताईंच्या ओठांवर "कट" आलं होतं. त्यांनी ते गिळलं. अशा वेळी आपल्याला मध्येच तोडलं की कसं वाटतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? सर उभे राहिले तोवर त्याही उभ्या राहिल्या. सर गेले, दार टेकलं, दाराखालच्या फटीतली सावलीही हलली, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "कट."

कमी बोलणारे संकलक खुर्चीतून अर्धे उठले होते. खिडकीपाशी खरंच कुणी आहे का, ते बघायला.

मग मुलाखत. दिग्दर्शिका म्हणाल्या, "बाई, 'ॲक्शन' म्हणून स्वतःच आत शिरणारा दिग्दर्शक मी आजवर पाहिला नाही. काय म्हणणं आहे तुमचं?"

"काय म्हणू? एकोणीस वर्षं तो शब्द ऐकून माझे पाय चालताहेत. आता दुसऱ्याचे चालवायला शिकायचंय. आधीच येत असतं तर अर्ज कशाला भरला असता?"

"बरं. दाराबाहेर नटाला काय सांगितलंत?"

बटणताई म्हणाल्या, "ते नाही सांगता यायचं."

"आम्हाला मार्क द्यायचेत, बाई."

"जे दिसलं त्याला द्या. कानात सांगितलं ते त्यांचं आणि माझं. इथे सर्वांपुढे ते उघडं केलं, तर पुढच्या वेळी माझ्यासाठी त्या दारातून कोण मोकळेपणानं येईल?"

दिग्दर्शिकांनी कोपऱ्यात बूट हातात धरून उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "मला विचारू नका. मी नट आहे."

संकलकांनी वही मिटली. कुणी हसलं नाही, कुणी "छान" म्हणालं नाही. "या आता," एवढंच. बटणताई घरी येईपर्यंत स्वतःला कोसत होत्या. काय अडलं होतं सांगायला? हात दाखवून अवलक्षण केलं. नोकरी गेली, जागाही गेली.

यादी लागायला आठ दिवस होते. बटणताईंनी घरातली सगळी कपाटं दोनदा आवरली. शेजाऱ्यांची बटणं शिवून दिली, ज्यांची तुटली नव्हती त्यांचीही घट्ट केली. नळकाका वरवर म्हणायचे, "नाही झालं तर माझ्या हाताखाली ये. पाना धरायला माणूस हवाच आहे." आणि सकाळ-संध्याकाळ कामावरून वाकडी वाट करून शाळेचा बोर्ड बघून यायचे. ते काही त्यांनी घरी सांगितलं नाही.

नवव्या दिवशी दोघं मिळून गेली. बोर्डापुढे मुलामुलींची ही गर्दी. कुणी उड्या मारतंय, कुणी फोनवर रडतंय. कागद छोटा, त्यावर बारा आकडे, एकाखाली एक. नळकाका म्हणाले, "तू खालून बघ, मी वरून बघतो. मध्ये कुठेतरी भेटू." आणि आपला लांब हात गर्दीच्या डोक्यांवरून बोर्डाकडे नेला.

बटणताई खालून वर गेल्या. दोनशे तीन, एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे चाळीस. सत्तेचाळीस नव्हता. पुन्हा खालून वर गेल्या. नव्हताच. पण बाई खंबीर. त्या म्हणाल्या, "नाहीये हो. असू दे. चला, घरी जाऊ."

नळकाका हलले नाहीत.

"अहो, चला ना. लोकांना बघू द्या. पुढच्या वर्षी परत भरीन अर्ज, त्यात काय? वयाची अट नाहीये." हे त्या त्यांच्यासाठी म्हणत होत्या की स्वतःसाठी, देव जाणे. "अहो, ऐकताय ना?"

नळकाकांचा हात तसाच बोर्डावर. फटकळ माणसाची वाचाच बसली होती. बटणताईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हाताकडे, मग कागदाकडे. खालून वर मोजले. अकरा. वरून खाली मोजले, तरी अकराच. चौथ्या ओळीच्या जागी काळ्या नखाचा, रुंद, राकट अंगठा होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "अंगठा काढा."

"नाही."

"का नाही?"

"मी नळाचं काम करणारा माणूस आहे," नळकाकांचा आवाज पार चिरकला होता. "सापडलं की आधी दाबून धरायचं. सोडलं तर जाईल ते."

बटणताईंनी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि जोर लावून अंगठा उचलला. घामानं शाई थोडी फिसकटली होती, पण चार आणि सात स्वच्छ वाचता येत होते. मग बटणताई त्या सगळ्या पोरापोरींच्या देखत नवऱ्याच्या गळ्यात पडून रडल्या, हसल्या, परत रडल्या, आणि नळकाका शाईचा अंगठा हवेत उंच धरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले, "आमच्या हिचा आहे हा!"